धाब्यापासून स्लॅबपर्यंत : आपल्या जिल्ह्यातील घरांचा इतिहास



शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत घरांच्या छपरांवर लेख कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. शाळांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये होतात. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा तर ऐन मे महिन्यात येते. आपल्या जिल्ह्यात घाटावर काय किंवा घाटाखाली काय, त्या दिवसांत मुलांना अभ्यासाला जी खोली मिळते ती बहुधा टिनाची असते, नाहीतर वरच्या मजल्यावरची स्लॅबची. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पट्ट्यात पारा 43-44 अंशांवर चढला की रात्री अकरालाही त्या खोलीत हात टेकवावा तर भिंत गरम लागते. आपण मुलाला म्हणतो, "मन लावून अभ्यास कर." मन लागण्यासाठी आधी डोके थंड असावे लागते, हे मात्र आपण विसरतो.

माझे बालपण धाब्याच्या घरात गेले. दादी त्या घराला "कच्चा मकान" म्हणत असे आणि पक्का मकान व्हावा म्हणून आयुष्यभर दुवा मागत असे. तिची दुवा कबूल झाली, स्लॅब पडला, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती आपली चारपाई उचलून शेजारच्यांच्या जुन्या ओसरीत दुपार काढायला जाऊ लागली. असे का झाले, याचा शोध घेताना मला आपल्या घरांचा जो इतिहास सापडला, तो आपणापुढे ठेवतो.

वऱ्हाडातील गावाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. कपाशीची काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. तिची भिंत उभी राहत नाही. म्हणून भिंतीला आणि छपराला पांढरी माती. गावोगावच्या पडक्या गढ्या याच मातीच्या आहेत. भिंती दीड-दोन हात रुंद. वर सागाच्या तुळया, त्यावर आडव्या दांड्या, त्यावर तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर आणि सर्वांवर माती दाबून केलेले एक-दीड फुटाचे सपाट छप्पर, म्हणजे धाबे. पावसाचे पाणी बाहेर फेकायला पन्हाळी, धूर व उजेडासाठी वर झरोका, पुढे ओसरी, मध्ये अंगण, आणि जमले तर परसात कडुनिंब.

आता या रचनेतले मर्म पाहा. उष्णतेलाही भिंतीतून आत यायला वेळ लागतो. दोन हातांच्या मातीच्या भिंतीतून बाहेरची दुपार आत पोचेपर्यंत मध्यरात्र होते, आणि तोवर बाहेरची हवा थंड झालेली असते. मग घरातली माणसे अंगणात किंवा धाब्यावर निजलेली असतात, आणि घर आपली उष्णता रिकाम्या खोल्यांत सोडून पहाटेपर्यंत पुन्हा निवते. म्हणजे घर आणि माणसे पाळीपाळीने जागा बदलीत. याउलट पाच इंची स्लॅबमधून तीच मजल तीन-चार तासांत पुरी होते. दुपारी एक-दोनचे ऊन संध्याकाळी आपल्या डोक्यावर उतरते, नेमके त्या वेळी जेव्हा मूल पुस्तक उघडते. टिनाला तर तेवढाही वेळ लागत नाही.

हे ज्ञान केवळ गरिबांच्या घरापुरते होते असे समजू नका. मोताळा तालुक्यातील रोहिणखेडची मशीद खुदावंदखान महदवीने 1582 च्या सुमारास बांधली. सिंदखेडराजा येथे जिथे 12 जानेवारी 1598 रोजी जिजाऊंचा जन्म झाला, तो लखुजीराव जाधवांचा राजवाडाही त्याच काळातला. दोन्हीकडे पाहण्यासारखी गोष्ट एकच : जाडजूड भिंती, आणि उन्हाला थेट आत येऊ न देणाऱ्या कमानी. शाळेची सहल निघाली तर शिक्षकांनी मुलांना उन्हाच्या वेळी एकदा बाहेर व एकदा कमानीखाली उभे करावे. पाठ्यपुस्तकातील उष्णतेचा धडा पायांना आपोआप समजेल.

शेजारच्या औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. दूरच्या टेकड्यांतून मातीच्या नळांनी आणलेले पाणी उंचावरून पडते व जाते फिरवते, एवढे सगळे पाहतात. पण समोरच्या मोठ्या हौदाखाली एक प्रशस्त दालन आहे आणि हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छप्पर आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. वर पाणी, खाली माणसे! छप्पर तापूच द्यायचे नाही, ही युक्ती वीज या देशात येण्याच्या कितीतरी आधीची आहे. छपरावर पाणी ठेवण्याची ऐपत आज आपल्यापाशी नाही, पाण्याचीही आणि स्लॅबच्या पाणीरोधाचीही. पण तत्त्व ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

हे सर्व बदलले ते कापसाने आणि रेल्वेने. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 नंतर आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. गाडीने कापूस नेला आणि येताना पन्हाळी पत्रे, लोखंडी तुळया व मंगळुरी कौले आणली. (पहिला कौलांचा कारखाना मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये काढला.) व्यापाऱ्यांच्या दुमजली हवेल्या उठल्या. पण गरिबाच्या वाट्याला आले टीन. ते स्वस्त, हलके आणि एका दिवसात चढणारे. धाब्याचे घर दरवर्षी पावसाळ्याआधी नवी माती मागे. टीन काहीच मागत नसे. आईबहिणींच्या हातांतून पाट्या सुटल्या, हे त्याचे मोठेच उपकार. त्याची किंमत मात्र त्याच आईबहिणी उन्हाळ्यात चुलीपुढे बसून फेडीत राहिल्या.

तिसरा टप्पा सिमेंटचा. आपल्यातील वडीलधाऱ्यांना परमिटचे सिमेंट आठवत असेल. दहा पोत्यांसाठी कचेरीचे दहा हेलपाटे. 1982 मध्ये सरकारने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठवले आणि 1989 मध्ये पूर्णपणे. तेव्हापासून मोहल्ल्यामोहल्ल्यांत स्लॅब पडू लागले. लग्नाच्या बोलणीतही "घर स्लॅबचे आहे का?" हा प्रश्न आला. आणि आणखी एक गोष्ट झाली, जी आपण फॅशनच्या माथी मारतो पण जी खरे तर हिश्शांची आहे. भावाभावांत वाटण्या झाल्या, अंगणाच्या मधोमध भिंत आली, प्रत्येकाच्या वाट्याला बारा फुटी पट्टी राहिली. तीन बाजूंनी शेजाऱ्याची भिंत आणि पुढे रस्ता. वारा एका बाजूने येतो पण जायला वाट नाही, म्हणून तो येतच नाही. ज्या अंगणात घरातील स्त्रिया कोणाच्या नजरेस न पडता संध्याकाळी मोकळ्या हवेत बसत, ते अंगण गेल्याचे नुकसान कोणत्याही वाटणीपत्रात लिहिलेले नाही.

इथपर्यंत वाचून काही वाचक म्हणतील, चला, पुन्हा धाबे बांधू. नाही! इथे मला इतिहासातील एक कडू पान उलटले पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात, किल्लारीला, भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्यांची घरे आपल्या धाब्याच्याच जातीची होती. तिकडे त्याला माळवद म्हणतात. दगडगोट्यांच्या भिंती, आतील-बाहेरील दर्शनी दगड एकमेकांना बांधणारे लांब दगड नाहीत, आणि वर मातीचे अवजड छप्पर. हे छप्पर इतके अवजड का झाले? गळू लागले की वरून नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही. वीस-तीस वर्षांत एका फुटाचे दोन-अडीच फूट होतात. पूर्वजांनी घराची काळजी घेतली, पण वजन मोजले नाही. आपल्याही जिल्ह्यात अशी जुनी घरे अजून उभी आहेत, आणि झडीच्या पावसात भिंत बसल्याची बातमी दरसाल कुठून ना कुठून येतेच. तेव्हा जुने ते सारे सोने, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. विंचू, अंधार आणि बायकांचे सारवण, हेही त्याच घरात होते.

मग जुन्यातले काय घ्यावे आणि काय सोडावे? हा प्रश्न आपल्याआधी मोठ्या माणसांना पडलेला आहे. इजिप्तमधील वास्तुशिल्पी हसन फतही यांनी 1945 पासून लक्सरजवळ न्यू गुर्ना नावाचे संपूर्ण गाव मातीच्या विटांनी बांधायला घेतले. लाकडाचा आधार न देता कमानी उभारणारे न्यूबियाचे गवंडी त्यांनी शोधून आणले. घरे थंड व देखणी झाली, परंतु ज्यांच्यासाठी गाव होते तेच लोक राहायला आले नाहीत, आणि काम अर्धवट राहिले. घर कसे असावे हे राहणाऱ्याला न पटवता ठरवले की असे होते. आपल्याकडे लॉरी बेकर (1917-2007) हे इंग्रज गृहस्थ 1945 मध्ये भारतात आले व इथलेच झाले. त्यांनी केरळात विटा आडव्या न ठेवता उभ्या लावून, मध्ये पोकळी सोडून भिंती बांधल्या. विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात आणि मधली हवा उष्णतेला अडवते. विदर्भातच सेवाग्रामला गांधीजींची कुटी आहे, आणि वर्ध्याच्या 'सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस' या संस्थेने कुंभाराच्या चाकावरील निमुळत्या कौलांची कमानदार छते बांधून दाखवली आहेत. त्यात ना लोखंड, ना जंगलचे लाकूड.

अलीकडे 'हरित इमारत' हा शब्द वर्तमानपत्रांत वाचायला मिळतो. हैदराबादेत उद्योजकांच्या महासंघाने अशी एक इमारत बांधली व 14 जुलै 2004 रोजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिथे काय आहे? मध्ये अंगण, भिंतींना जाळ्या, हवा खाली आणणारे मनोरे, छपरावर हिरवळ. हे वाचून मला दादीची आठवण झाली. तिला कोणी सांगितले असते की तुझ्या कच्च्या मकानातल्या गोष्टींना हैदराबादेत मानपत्र मिळते, तर तिने तोंडाला पदर लावून हसून घेतले असते.

असो. आता आपल्या घराकडे वळू या. ज्यांना नवे बांधायचे आहे त्यांच्यापेक्षा ज्यांचे बांधून झाले आहे ते संख्येने अधिक, म्हणून आधी त्यांच्याविषयी. बांधलेले घर पाडू नका. सिमेंट भाजायला प्रचंड इंधन लागते. जगात जो कर्बवायू हवेत जातो त्यातील सुमारे 7-8 टक्के एकट्या सिमेंटपायी जातो. उभ्या घरात ते इंधन एकदा खर्ची पडलेले आहे. ते फेकून पुन्हा तेवढेच जाळण्यापेक्षा आहे ते सुधारणे खिशालाही परवडते.

स्लॅबच्या घराला उष्णता सर्वांत जास्त येते ती वरून. भिंतीला ऊन काही तास लागते, छपराला दिवसभर. म्हणून एक रुपया खर्चायचा असेल तर तो छपरावर खर्चा. सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. पांढरा रंग ऊन परत पाठवतो. स्लॅब घासून धुऊन, भेगा बुजवून, त्यावर चुन्याचे दोन-तीन हात दिले की खालच्या खोलीत दोन-तीन अंशांचा तरी फरक पडतो. पाणचक्कीच्या हौदाचे तत्त्व हेच : छप्पर तापू द्यायचे नाही. ज्यांना थोडा अधिक खर्च शक्य आहे त्यांनी पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर द्यावा. तो पाणीही अडवतो. टिनाच्या घरात टिनाखाली हातभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचे किंवा कापडाचे छत बांधा आणि त्या पोकळीतून हवा जाईल अशी दोन्ही टोके उघडी ठेवा. टोके बंद केलीत तर केलेले सारे वाया.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या खारपाणपट्ट्यातील वाचकांना एक वेगळी सूचना. तुमच्या विहिरीचे पाणी खारे. त्या पाण्यात सिमेंट कालवले की क्षार आतल्या सळईला गंज चढवतात. गंजलेली सळई फुगते व स्लॅबचे पोपडे डोक्यावर पडतात. वीस वर्षांत खालून सळया दिसू लागलेली घरे मी पाहिली आहेत. अशा छपरावर टाकी, वीटकाम किंवा सौरपट्ट्यांचे वजन चढवण्याआधी जाणकार अभियंत्याला दाखवा. नवे काम गोड्या पाण्यातच करा, मग टँकर आणावा लागला तरी चालेल.

ज्यांच्याकडे मातीचे जुने घर आहे त्यांनी धाब्यावरची जादा माती उतरवून ती मूळ थरावर आणावी, छपराखाली चारही भिंतींना बांधणारा पट्टा घालून घ्यावा आणि मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करण्याचा मोह टाळावा. तो भिंतीची ओल आत कोंडतो आणि दोन पावसाळ्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. मातीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा मानवतो.

वाऱ्याचे म्हणाल तर खिडकी एक असून भागत नाही, समोरासमोर दोन लागतात. हिश्शात तिसरी भिंत बंद असेल तर जिन्याच्या डोक्यावर झरोका ठेवा. गरम हवा वर जाते, ती तिथून निघेल. गच्चीच्या कठड्याला भरीव भिंतीऐवजी उंच जाळी लावा. वारा येईल, नजर येणार नाही, आणि घरातील मुलीबाळींना रात्री गच्चीवर बसता येईल. अंगणाची काही अंशी तरी भरपाई होईल. कूलर वापरणाऱ्यांची एक चूक मी घरोघर पाहतो. दारे-खिडक्या बंद करून कूलर लावतात. कूलर ओली हवा आत ढकलतो. तिला बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा कोंडतो. पूर्वी वाळ्याच्या ताट्या दारात लावून त्यावर पाणी शिंपीत, तेव्हा समोरचे दार उघडेच असे.

आता विजेचा हिशेब. साधा पंखा सुमारे 75 वॅट खातो, नव्या बीएलडीसी मोटरचा सुमारे 28. घरात चार पंखे दिवसाला 15 तास चालले तर रोज साडेचार युनिट, नव्यांनी 1.7. महिन्याकाठी 84 युनिटचा फरक! शंभर युनिटच्या पुढे विजेचा दर चढतो, हे बिल पाहणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. त्यानंतर सौरपट्ट्यांचा विचार. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटपर्यंतच्या घरगुती संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. पण क्रम उलटा करू नका. आधी छप्पर पांढरे, मग पंखे, मग सौर. गळक्या माठात पाणी भरण्यापूर्वी माठ लिंपतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम राखून ठेवले आहे. बाजारात साधा तापमापक थोड्या पैशांत मिळतो. चुना देण्यापूर्वी आठ दिवस आणि दिल्यानंतर आठ दिवस, अभ्यासाच्या खोलीतील तापमान दुपारी चार व रात्री दहा वाजता वहीत लिहा. शेजारच्या चुना न दिलेल्या घरातलेही लिहा, नाहीतर हवाच बदलली असे कोणी म्हणेल. वही शाळेत विज्ञानाच्या सरांना दाखवा. शंभर घरांच्या अशा वह्या जमल्या तर आपल्या तालुक्यातील घरांविषयी तुमच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणापाशी नसेल.

आणि काम मार्च संपण्याच्या आत उरका. चुन्याची कळी पाण्यात टाकली की ती खदखदते व तिची वाफ आणि शिंतोडे डोळ्यांना इजा करतात, म्हणून हे वडील माणसाने करावे, लहानांनी दूर राहावे. कळी रात्रभर विरू द्यावी, सकाळी फडक्याने गाळून त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घालावा. पहिला हात पातळ द्यावा, ऊन चढण्यापूर्वी. तो वाळला की दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा.